बाबांच्या पट्टीतली आठ गाणी

माझ्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि एक पियानो. तबला नाही, बासरी नाही, मागे कोरसही नाही. नागपूरला सदर भागातल्या ज्या शाळेत मी संगीत शिकवते तिथल्या शिपाईकाकांनी त्यातली दोन गाणी फोनवर ऐकली आणि मला अगदी काळजीने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी बाकीचे वाजवणारे आलेच नाही का?" मी म्हटलं, नाही आले. याहून सोपं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

पियानो मी याच शाळेत, नोकरीला लागल्यावर शिकले, आणि तोही चोरून. सभागृहात एक जुना पियानो होता, त्याच्यावर वर्षभर गादीच्या खोळी आणि स्नेहसंमेलनाचे मुकुट पडून असायचे. मधल्या सुट्टीत मी ते सगळं उचलून खाली ठेवायची, वीस मिनिटं वाजवायची आणि घंटा झाली की मुकुट परत जागेवर. मी हार्मोनियमवर वाढलेली. उजवा हात चांगला चालायचा, पण डाव्या हाताला आयुष्यभर भाता मारण्याखेरीज काही ठाऊकच नव्हतं. पियानोवर बसले की तो बिचारा हवेत काहीतरी शोधत राहायचा. माझ्या गाण्यांत डाव्या हाताला इतकं थोडं काम का, असं एकदोघांनी विचारलं. त्याला कला वगैरे समजू नये, त्याला तेवढंच येतं.

हार्मोनियम बाबांची. आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो, बाबा तिथे ऑपरेटर होते आणि दर गुरुवारी संध्याकाळी कॉलनीतल्या मंदिरात भजन मंडळ चालवायचे. मंडळात बारा माणसं. सगळी शिफ्टमधून आलेली, अंघोळ करून, केसांना पाणी लावून. मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं. मंडळाची पट्टी काळी एक. म्हणजे हार्मोनियमवरची पहिली काळी पट्टी धरायची, तिला सा म्हणायचं आणि तिथून गाणं उचलायचं. बाप्या माणसांच्या गळ्याला ही पट्टी चपखल बसते. बायकांची पट्टी साधारण काळी चार, काळी पाच. मला काळी एकमध्ये वरच्या सप्तकात गायला लावलं तर अंतऱ्यात किंचाळायची वेळ येई, आणि खाली गायलं तर आवाज घशातच राही. मंदिरात किंचाळणं बरं दिसत नाही, म्हणून मी खाली गायला शिकले.

आईला गाण्यातलं काही कळत नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं. तीच एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, "पोरीचा गळा दबून राहिला. तिची पट्टी येगळी घ्या न."

बाबा म्हणाले, "एका पोरीसाठी बारा माणसाची पट्टी बदलवते का कोणी?"

मला तेव्हा आईचाच राग आला. मला माणसांच्या पंगतीत बसायला मिळत होतं, बाबा ज्या सुरात गात त्याच सुरात मी गात होते, मधेच ही कुठून आली. आईने पुढची पोळी लाटायला घेतली. नंतर कॉलेजात गाणं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुझा आवाज चुकीच्या जागी राहतोय. त्यांचंही मी मनावर घेतलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. बाबांची पट्टी ही माझ्यासाठी गाण्याची जागाच होती. बाकीच्या पट्ट्या इतर लोकांसाठी असाव्यात, अशी माझी समजूत होती.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तेरावं झाल्यावर बाबांनी हार्मोनियम मंडळाला देऊन टाकली. म्हणाले, घरात जागा अडते. निवृत्तीनंतर बांधलेल्या त्या घरात हत्ती बांधला असता तरी दुसऱ्या खोलीत कळलं नसतं. त्यानंतर बाबा गायले नाहीत. गुरुवारी मंदिरात जात, मागे बसत, टाळ्याही वाजवत, पण तोंड बंद. मी आठवडाभर सदरला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी बसने कोराडीला यायची. आम्ही दोघं समोरासमोर बसून पोहे खायचो. बाबा चालू घडामोडींवर बोलायचे, दुधाबद्दल बोलायचे, नळाबद्दल बोलायचे. मला आईची आठवण यायचीच, ती येणारच होती. पण बाबांच्या आवाजाची आठवण त्याहून जास्त यायची, आणि बाबा तर माझ्यापुढे बसून पोह्यांतले दाणे वेगळे काढत होते. समोर असलेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी गाणी लिहायला लागले. विषय काही मोठे नव्हते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी केंद्राची राख, शिफ्टचा भोंगा, क्वार्टर सोडताना भिंतीवर राहिलेल्या खिळ्यांच्या खुणा. सात गाणी झाली. आठवं गाणं आई आणि बाबांच्या एका रोजच्या बोलण्यावर होतं. बाबा शिफ्टवरून आले की फाटकातूनच हाक मारायचे, "हायेस का वं?" आणि आई आतून म्हणायची, "हाये न. जाईन कुठं?" रोज. ती भाजीला गेलेली असली तरच या हाकेला उत्तर यायचं नाही, आणि तेवढ्यानेही बाबांचं तोंड उतरायचं. गाण्यात तीन कडवी मी गाणार आणि प्रत्येक कडव्यानंतर एक ओळ बाबांची. तीनच शब्द. हायेस का वं. त्यानंतरची ओळ, आईचं उत्तर, परत माझी.

म्हणून मी आठही गाणी काळी एकमध्ये बांधली. नुसतं आठवं नाही, सगळी. रेकॉर्डिंगच्या वेळी बाबा शेजारी बसले आणि त्यांचं मन झालंच, तर त्यांना कुठल्याही गाण्यात कुठूनही शिरता यावं. माझ्या गळ्याला ती पट्टी खाली पडते हे मला एव्हाना पक्कं ठाऊक झालं होतं. पण अल्बम हा माझा बहाणा होता. मला बाबांना गाताना ऐकायचं होतं, आणि त्यासाठी आठ गाणी लिहावी लागत असतील तर माझी तयारी होती.

रेकॉर्डिंग नागपूरबाहेर वाडीला केलं. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे एका तरुणाने दोन खोल्यांत स्टुडिओ केला आहे. त्याच्या मामांचं गोदाम खाली, स्टुडिओ वर. तिथे पियानो कसा, तर तो कोणीतरी कुठूनतरी पाठवलेला माल होता. घ्यायला कोणी आलंच नाही. मामांनी वर्षभर वाट पाहिली, मग सहा हमालांनी तो जिन्यावरून वर चढवला आणि भाच्याला सांगितलं, आता हा इथून उतरणार नाही. आठवडाभर तिथे ट्रक मागेपुढे होत असतात, त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त रविवारी.

पहिल्या रविवारी दोन गाणी गाऊन झाल्यावर त्या तरुणाने हेडफोन मानेवर उतरवला. म्हणाला, "ताई, गाणं भारी आहे, पण आवाज विहिरीतून येऊन राहिला. थोडी पट्टी वर घेऊन पाहता का?"

"माझा आवाज असाच आहे," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे कीबोर्डवर त् एक बटन दाबलं की झालं असतं. पियानोवर बोटं बदलवा लागतील, म्हून म्हणून राहिलो."

"बोटांचा प्रश्न नाही. पट्टी हीच राहील."

तो बिचारा "ठीक आहे ताई, तुमचा अल्बम आहे" म्हणाला आणि त्याने मला पाणी आणून दिलं. मी चिडले की लोक मला पाणी देतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

दुसऱ्या रविवारपासून मी बाबांना सोबत न्यायला लागले. सबब अशी सांगितली की तिकडे सगळीकडे ट्रकच ट्रक, मला एकटीला बरं वाटत नाही. मी तेहतीस वर्षांची, रोज सदरच्या गर्दीतून रस्ता ओलांडणारी बाई. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली घेतली. सबब त्यांना कळली होती. स्टुडिओत ते कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, हेल्मेट मांडीवर ठेवून. तीन रविवार ते तसे बसले. मी प्रत्येक गाण्याला बसताना त्यांच्याकडे एकदा पाहायची. ते खिडकीतून खाली उभ्या ट्रकांवर ताडपत्री बांधणारे हमाल बघायचे. परतताना रिंग रोडवर मागे बसून मी वाट पाहायची, आता काही म्हणतील. ते म्हणायचे, "हा खड्डा मागच्या वर्षीचाच आहे."

पाचव्या रविवारी आठवं गाणं घेतलं. पहिलं कडवं गायले, बाबांच्या ओळीपाशी आले आणि थांबले. ते खिडकीकडेच पाहत होते. मग माझा धीर सुटला. मी स्टुलावरून वळले आणि म्हटलं, "बाबा, इथे तुम्ही आहात."

"समजलं मले."

"मग?"

त्यांनी हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "विचारीन वं मी," ते म्हणाले, "पण सांगन कोण?"

मी सांगते ना, असं मी म्हणाले. म्हणताक्षणी मला माझीच लाज वाटली. ज्या प्रश्नाचं उत्तर देणारं माणूस घरात उरलं नाही तो प्रश्न मी त्यांना माईकसमोर उभं राहून, चालीत, तीनदा विचारायला लावत होते. महिनोन्‌महिने ते गाणं लिहिताना मला फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यांना काय ऐकू येईल याचा मी एकदाही विचार केला नव्हता. बाबा उठले आणि जिना उतरून खाली गेले. स्टुडिओवाला वायर गुंडाळायला लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

अर्ध्या तासाने बाबा परत आले. हातात पिशवीतला चहा आणि तीन कागदी कप. चहा झाला. मग ते पियानोजवळ आले. त्या पियानोला त्यांनी तोवर बोटही लावलं नव्हतं. त्यांनी पट्ट्यांवर नजर फिरवली, उजव्या हाताच्या एका बोटाने काळी चार दाबली आणि धरून ठेवली. डावा हात आपोआप भाता धरायच्या जागी गेला आणि तिथे काही नाही म्हणून परत खाली आला.

"इथून म्हण," ते म्हणाले.

"ही तुमची पट्टी नाही."

"तुही पट्टी आहे."

"बाबा, या पट्टीत तुम्हाला घेता येणार नाही. तुमचा गळा बसणार नाही इथे."

"नाही बसणार," ते म्हणाले. मग त्या तरुणाकडे पाठ करून म्हणाले, "तुही माय सांगत होती. मले बी ऐकू येत होतं, तुहा आवाज दबून राहिला म्हून. पण बारा माणसं बसली होती. त्याहिच्यासमोर पोरीसाठी पट्टी बदलवाले मले लाज वाटली. आता कोणासाठी खाली गाऊन राहिली तू?"

तुमच्यासाठी, आणि त्यांना ते ठाऊक होतं. मला राग आला. इतक्या वर्षांत कधीतरी यायला हवा होता तो त्या दुपारी आला, आणि आला तोही भलत्याच कारणाने. आईचं म्हणणं त्यांनी इतक्या उशिरा मान्य केलं याचा राग नव्हता. मान्य करून ते माझ्या गाण्यांतून निघून चालले होते, याचा होता. मी म्हटलं, मला नाही गायचं इथून. बाबांनी काळी चारवरचं बोट उचललं नाही. सूर विरून गेला की परत दाबत होते. असं चारपाच वेळा झालं. शेवटी त्यांचं बोट दुखेल म्हणून मी गायले.

काय सांगू. आवाज वर आला. इतकी वर्षं ज्या घशात तो मी दाबून ठेवला होता तिथून तो सहज निघाला आणि खोलीभर झाला. मला स्वतःलाच ओळखू येईना. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, हे कुठं ठेवलं होतं इतके दिवस?" मला फार आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं, दोन्ही एकदम, आणि मी गाणं मधेच सोडून रडले. बाबा म्हणाले, "आता रडू नको, सूर पडते."

पुढचे दोन महिने मी आठही गाणी बोटांना नव्याने शिकवली. मधल्या सुट्टीत मुकुट खाली, मुकुट वर. जिथे बोट सवयीने जायचं तिथे आता दुसराच सूर होता. एका शनिवारी बाबांनी कपडे घडी करता करता विचारलं, "आता मी येऊ नको का तिकडे?" मी म्हटलं, या. ते म्हणाले, "काय करू येऊन?" मी म्हटलं, ट्रक पाहा. ते आले. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

आठवं गाणं सगळ्यांत शेवटी घेतलं. स्टुडिओवाल्याने सुचवलं होतं की बाबांची ओळ काढून टाकू, किंवा ताई, तुम्हीच गा. मला दोन्ही जमेना. मी ठरवलं, त्या ओळीच्या जागी पियानोवर फक्त चाल वाजवायची, शब्द नाहीत. पहिल्या कडव्यानंतर तशी वाजवली. दुसऱ्या कडव्यानंतरही वाजवली. तिसरं कडवं संपलं आणि मी चालीसाठी बोट ठेवणार, इतक्यात मागे बाबा खाकरले.

चाळीस वर्षं भजनात बसलेला माणूस उगाच खाकरत नाही. मंडळात गाणं हाती घेण्याआधी बाबा असेच खाकरायचे, आणि ते ऐकलं की झांजवाला झांज थांबवायचा आणि बाकीचे गप्प बसायचे. माझे हात आपोआप पट्ट्यांवरून उचलले गेले. मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर ते लाजले असते. मी नुसती थांबले. मी त्यांचा श्वास आत गेलेला ऐकला. माझ्या पट्टीत का होईना, बेसूर का होईना, तीन शब्द, इतकंच मला हवं होतं.

तो श्वास तसाच बाहेर आला.

मग मी माझी ओळ गायले, आईची. हाये न. जाईन कुठं.

स्टुडिओवाल्याने नंतर ते परत परत ऐकलं आणि मला म्हणाला, "ताई, इथं कोणी खाकरून राहिलं, आणि तुम्ही पण अडखळल्या. काढून टाकू का?" मी म्हटलं, राहू दे. अल्बम आता लोकांच्या फोनवर आहे. आवाज किती मोकळा आहे असं लोक कळवतात, आणि ते मी बाबांना वाचून दाखवते. एका जाणकाराने लिहिलं की बाकी सगळं उत्तम, पण शेवटच्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर तुम्ही चार मात्रा चुकला आहात. मी त्यांना उत्तर पाठवलं की चुकले नाही, वाट पाहत होते.